आधी हँगर, मग कार्बनची चाकं

पाऊस ओसरला, ब्रेव्हेंचा हंगाम तोंडावर आला आणि टपालात सायक्लोक्रॉसवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या दोनच असतात : घाटात गिअर कमी पडतो आणि हँगर मिळत नाही. पहिलीवर उपाय आहे. दुसरीने आमचंही डोकं फिरलं आहे.

पहिली उरकून टाकू. सायक्लोक्रॉस सायकल तासाभराच्या शर्यतीसाठी आखलेली. ४६/३६ ला मागे ११-२८ ठेवून, वर सामान लादून वरंध चढायला निघालात तर गुडघे कुरकुरणारच. उपाय म्हणजे लाँग केज आरडी (रिअर डिरेलर), मागे ११-३४, आतली रिंग ३४ आणि त्या मापाची लांब चेन. जुनीच चेन ताणून चालवणाऱ्यांना काय सांगावं! यूसीआयची ३३ मिमीची मर्यादा शर्यतीपुरती आहे, ब्रेव्हेत टायर मोजायला कोणी येत नाही. फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घाला, पण दोन्ही अंगांना पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर कोकणातली लाल माती चेनस्टेपाशी थापली जाऊन चाक जागीच धरते. पंचाहत्तर किलोच्या स्वाराला ३५ मिमी ट्यूबलेसमध्ये ४०-४५ पीएसआय पुरतात, ऐंशीची हौस सोडा. सायकल खांद्यावर घेता यावी म्हणून काही फ्रेमवर केबली टॉप ट्यूबच्या वरून नेलेल्या असतात. तिथे फ्रेमबॅगचे पट्टे केबलीच्या खालून ओवा. पट्ट्याखाली केबल दाबली गेली की इंडेक्सिंग बिघडतं आणि दोष बिचाऱ्या शिफ्टरला लागतो.

आता हँगर, म्हणजे आरडी फ्रेमला जोडणारा तुकडा.

फ्रेम वाचावी म्हणून आधी मोडायचा, हेच त्याचं काम. म्हणजे तो मोडणार हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. तरीही लाख-दीड लाखाची सायकल विकताना सोबत एक जादा हँगर द्यावा, असं दुकानदाराला सुचत नाही. आमच्या एका वाचकाचा ४०० किमीच्या ब्रेव्हेत खडीवर जरासा तोल गेला, आरडी स्पोकमध्ये शिरली आणि हँगर तुटला. चेन तोडून, सिंगल स्पीड करून गडी कसाबसा पुढच्या गावी पोचला. नंतर दुकानात गेला तर आधी फ्रेम नंबर मागितला, मग मूळ बिल, मग तुटलेल्या तुकड्याचे फोटो. सगळं दिल्यावर उत्तर आलं की तुमचं मॉडेल बंद झालं. परदेशातून मागवायला गेला तर कुरिअरला केवायसी हवी, आणि शुल्क व हाताळणी खर्च मिळून आकडा मूळ वस्तूच्या वर. बोटभर ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी सायकल महिनोन् महिने भिंतीला टेकलेली. स्रॅमने २०१९ मध्ये सर्वांना वापरता येईल असा हँगर, यूडीएच, आणला, नव्या फ्रेमवर तो दिसूही लागला आहे. पण आपल्याकडे सेकंडहँड फिरणाऱ्या बहुतेक सायक्लोक्रॉस त्याआधीच्या.

दुकानदारांवर तोंडसुख घेतलं, आता आपल्या मंडळींकडे वळू. चाकांवर पन्नास हजार घालणारे सभासद आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या सॅडलबॅगेत जेल, पॉवरबँक, दोन-दोन मल्टिटूल सापडतील, पण हँगर विचारला तर ‘अजून कधी मोडला नाही’! वाकलेला हँगर हाताने सरळ करून ६०० ला निघणारेही आहेत. दुसऱ्या घाटात आरडी चाकात गेली की हेच सपोर्ट गाडी का नाही म्हणून आयोजकांवर ओरडतात.

वाट बघणं पुरे. आपल्या फ्रेमचा हँगर सोडवा, आलेखाच्या कागदावर दोन्ही बाजूंनी रेखाटा, व्हर्नियरने जाडी आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा. कागदावर कंपनी, मॉडेल आणि वर्ष लिहून या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. आरडीचा आटा बहुतेक ठिकाणी एम१० x १ असतो, तरी तपासून लिहा. सारख्या मापांचे गट लावून आम्ही तक्ता छापू. भोसरी आणि कोल्हापूर-इचलकरंजीत सीएनसी मशीन चालवणारे आपले वाचक आहेत. ६०६१ ॲल्युमिनियममध्ये असा तुकडा कापणं त्यांना अवघड नाही, फक्त एकेक नगासाठी प्रोग्राम लावणं परवडत नाही. त्यांनी किमान किती नग हवेत आणि दर काय पडेल, तेवढं कळवावं. रेखाटन न पाठवता ‘माझा हँगर मिळेल का’ एवढंच विचारणाऱ्या पत्रांना यापुढे उत्तर मिळणार नाही.