तीन चित्रांचें एक चित्र

डोळा पाहतो तितकें कॅमेरा पाहत नाहीं, ही गोष्ट ज्यानें एकदां तरी डोंगरमाथ्यावर उभें राहून सूर्यास्ताचें छायाचित्र काढलें आहे त्यास सांगावयास नको. आकाशांतील रंग उतरावे म्हणून प्रकाश कमी घ्यावा, तर पायांखालचें गवत, कातळ व शेजारीं उभे असलेले सोबती काळे ठिक्कर पडतात. बरें, त्यांचीं तोंडें दिसावीं म्हणून प्रकाश अधिक घ्यावा, तर आकाश पांढरें फटफटीत होतें व सूर्य कोठें मावळला याचा पत्ता लागत नाहीं. या अडचणीवर उपाय म्हणून एकाच दृश्याचीं कमीअधिक प्रकाशाचीं तीन, पांच किंवा सात छायाचित्रें घेऊन त्यांचें एक चित्र बनविण्याची जी युक्ति आहे, तिला हाय डायनॅमिक रेंज असें नांव असून छंदी लोक तिला नुसतें एच. डी. आर. म्हणतात. या युक्तीचा नाद आमच्यांतील कांहीं मंडळींस लागला आहे. त्या नादाचें समर्थन करावें, आणि त्याबरोबरच त्याच्या मर्यादाही सांगाव्या, या हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

असें लिहिण्यास कारणही घडलें आहे. शाळेच्या छंदप्रदर्शनांत अशीं जोडचित्रें घ्यावीं कीं न घ्यावीं याबद्दल यंदा मंडळींत दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जें एका क्षणीं एका भिंगांतून उमटलें तेंच खरें छायाचित्र. तीन चित्रें सांधून केलेलें चित्र ही कारागिरी असेल, पण छायाचित्र नव्हे, व त्यास बक्षीस देणें म्हणजे लबाडीस उत्तेजन देणें होय. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, चित्र सुंदर असलें म्हणजे झालें. तें कसें बनलें याची चौकशी हवी कशाला? आमच्या मतें पहिल्या पक्षास सत्याची काळजी आहे हें त्याचें भूषण होय, परंतु सत्य कोठें असतें याविषयीं त्याची समजूत अपुरी आहे. दुसऱ्या पक्षानें साधनांस मोकळीक दिली हें ठीक. पण त्याबरोबर त्यानें सत्यासही रजा देऊन टाकली, हें मात्र ठीक झालें नाहीं.

प्रथम पहिल्या पक्षाचा विचार करूं. प्रकाश दुप्पट झाला म्हणजे छायाचित्रकार त्या फरकास एक स्टॉप म्हणतात. आजचा चांगला कॅमेरा एका वेळीं सुमारें १२ ते १४ स्टॉपांचें अंतर नोंदूं शकतो. परंतु कागदावर छापलेल्या चित्रांत अगदीं पांढऱ्या व अगदीं काळ्या जागेंतील प्रमाण सुमारें १०० ला १, म्हणजे सहासात स्टॉपांचेंच असतें. उलट गुहेच्या आंतील काळोख व दाराबाहेरचें ऊन यांतील अंतर या दोहोंसही पुरून उरतें. मग आपणांस गुहा व ऊन हीं दोन्ही दिसतात तीं कशीं? डोळा एका जागीं थांबत नाहीं. उजेडाकडे वळतांना बाहुली बारीक होते, अंधाराकडे वळतांना ती मोठी होते, आणि या अनेक दर्शनांची जुळवाजुळव करून मन आपल्यापुढें एकच देखावा मांडतें. म्हणजे जें आपण ‘मीं पाहिलें’ असें म्हणतों, तेंही एक जोडचित्रच आहे! एका क्षणाचें एक चित्र हें यंत्राचें सत्य असेल. मनुष्याच्या पाहण्याचें सत्य त्याहून विस्तृत आहे.

हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेचें उदाहरण घ्या. पाण्यानें भरलेल्या त्या गुहेंत मोठें शिवलिंग आहे, त्याच्या भोंवतीं चार खांब होते, त्यांपैकीं आतां एकच शाबूत आहे. जो तेथें गेला त्याच्या स्मरणांत तो खांब, तें थंडगार पाणी व बाहेरचा उजेड हीं तिन्ही एकत्र राहतात. साध्या छायाचित्रांत मात्र बहुधा एक तर गुहा जाते, नाहीं तर बाहेरचा डोंगर जातो. आम्हीं तेथें तिपाई रोवून एकाच जागेवरून तीन चित्रें घेतलीं: पहिलें सेकंदाच्या १/५०० भागाचें, दुसरें १/१२५ चें व तिसरें १/३० चें. प्रत्येक पायरीस प्रकाश सुमारें चौपट झाला, म्हणजे दोन स्टॉप वाढला. भिंगाचें छिद्र आम्हीं बदललें नाहीं, कारण तें बदललें असतां जवळच्या व दूरच्या वस्तूंची स्पष्टताही बदलते आणि तिन्ही चित्रें एकमेकांवर नीट बसत नाहींत. पहिल्या चित्रांतून बाहेरचें ऊन, तिसऱ्यांतून आंतील पाषाण व मधल्यांतून उरलेलें सर्व घेऊन जें चित्र तयार झालें, तें पाहून तेथें गेलेला प्रत्येक जण म्हणाला, “होय, असेंच होतें.” यांत लबाडी कोठें आहे?

ही खटपट आजची नव्हे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें सन १८५७ च्या सुमारास समुद्राचीं कांहीं चित्रें काढतांना आकाशासाठीं एक काच व पाण्यासाठीं दुसरी काच वापरून दोन्ही एकाच कागदावर छापल्या. कारण त्या काळच्या रसायनावर निळ्या उजेडाचा परिणाम इतका जलद होई कीं, समुद्र उमटेपर्यंत आकाश पुसून जाई. आपल्याकडेही हा छंद लवकरच आला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी सन १८५४ त स्थापन झाली. अमेरिकेंतील प्रसिद्ध छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स यानें सन १९४१ त न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ गांवावरील चंद्रोदय टिपला, त्या वेळीं प्रकाशमापक हातीं लागेना, म्हणून चंद्राच्या तेजाचें ठाऊक असलेलें माप धरून त्यानें प्रकाश ठरविला. आणि पुढें अनेक वर्षें त्याच मूळ चित्रावरून प्रती छापतांना तो आकाश अधिक गडद करीत गेला. त्यास कोणी लबाड म्हटलें नाहीं. गणकयंत्राच्या युगांत स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड यांनीं सन १९९५ त निरनिराळ्या प्रकाशाचीं चित्रें जोडण्याची रीत मांडली. आणि सन १९९७ त बर्कली येथील पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनीं अशा चित्रांवरून दृश्यांतील प्रत्येक बिंदूच्या तेजाचें परस्परप्रमाण काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. यांपैकीं मलिक हे कानपूरच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद आहे.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्या पक्षाचे वकील वाटलों असूं. पण आतां त्याच्याकडे वळणें प्राप्त आहे. अनेक चित्रांतील प्रकाश एकत्र केला म्हणजे तो कागदाच्या किंवा पडद्याच्या तुटपुंज्या अंतरांत दाटून बसवावा लागतो, आणि सारा धोका या दाटणींत आहे. छायेंतील प्रत्येक खडा उजळावा व प्रत्येक ढगास धार यावी असा हव्यास धरला कीं डोंगराच्या कडेभोंवतीं पांढरें वलय उमटतें, ऊन असून सावली नाहींशी होते, पावसाळी आभाळ लोखंडाच्या पत्र्यासारखें दिसूं लागतें, आणि चैत्रांतील करपलेलें माळरान श्रावणासारखें हिरवेंगार होतें. वाऱ्यानें हललेल्या फांदीचीं व चालत गेलेल्या माणसाचीं भुतें चित्रांत राहतात तीं वेगळींच. या युक्तीची पहिली लाट सन २००० नंतरच्या दहा वर्षांत आली, तेव्हां असल्या भडक चित्रांचा इतका सुळसुळाट झाला कीं, एच. डी. आर. हें नांव निघतांच जाणते लोक नाक मुरडूं लागले. दोष युक्तीचा नव्हता. कोठें थांबावें हें न कळणाऱ्या हातांचा होता.

हें थांबणें शिकावें कोठें? आमचें उत्तर असें कीं, मित्रांच्या सहवासांत. याविषयीं आमच्या मंडळींनीं केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर, सूर्य बुडाल्यानंतर थोड्याच वेळानें, एका तिपाईवरून घेतलेलीं तीन चित्रें आम्हीं पांच जणांनीं वांटून घेतलीं, व प्रत्येकानें आपल्या घरीं, दुसऱ्यास न विचारतां, त्यांचें एक चित्र बनवावें असें ठरविलें. पुढच्या रविवारीं तीं पांच चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं, तों पांच निरनिराळ्या संध्याकाळीं आमच्यापुढें उभ्या राहिल्या! एकाची दरी जांभळी झाली होती. दुसऱ्याचें गवत भर दुपारचें वाटत होतें. तिसऱ्यानें कड्याचा तळापर्यंतचा कातळ असा उजळला होता कीं, एकेक भेग मोजून घ्यावी. या तिसऱ्या चित्राचें कौतुक चाललें असतां आमच्यांतील सर्वांत अबोल गडी म्हणाला, “अरे, तेथें उभे असतांना आपल्याला तळ दिसत होता कां? नुसता वारा वर येत होता.” सर्व जण क्षणभर गप्प झाले. त्यानें आपल्या चित्रांत आकाश व कड्याची कड तेवढी राखून खालची दरी काळीच ठेविली होती. केदारेश्वराच्या गुहेंत छाया उघडणें हें सत्य होतें. कोंकणकड्यावर छाया तशीच ठेवणें हें सत्य होतें. साधन दोहीं ठिकाणीं एकच. विवेक मात्र निराळा.

हा विवेक एकट्यानें शिकतां येत नाहीं असें नाहीं. पण फार कठीण पडतो. आपलें चित्र अनोळखी लोकांपुढें टाकलें असतां स्तुति पुष्कळ मिळते, आणि जितका रंग भडक तितकी ती अधिक मिळते; परंतु त्या लोकांनीं तो डोंगर पाहिलेला नसतो. जो आपल्या खांद्यास खांदा लावून तेथें उभा होता, ज्यानें तोच वारा अंगावर घेतला, तोच या चित्राचा खरा साक्षीदार. त्याच्यापुढें थाप चालत नाहीं. प्रयोग करण्याचें धैर्यही त्याच्याच सोबतींत येतें. कारण चित्र बिघडलें तर तो हंसेल, पण सोडून जाणार नाहीं.

कोणी म्हणेल, आतां ही सारी उठाठेव कशाला? खिशांतला फोन हेंच काम पापणी लवेपर्यंत करतो. खरें आहे, आयफोनांत ही सोय सन २०१० त आली, आणि आज साध्या फोनांतही कळ दाबतांच अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करून दिलें जातें. पण म्हणूनच ही रीत हातानें शिकण्याची निकड वाढली आहे, असें आम्ही म्हणतों. कोणती छाया उजळावी व कोणती राखावी याचा निर्णय तें यंत्र आपणांस न विचारतां करतें. आणि तो निर्णय सर्वांस आवडेल अशा सरासरीचा असतो. त्या यंत्रास कोंकणकड्याचा वारा ठाऊक नाहीं. ज्यानें एकदां तीन चित्रें स्वतः जोडलीं, त्यास फोननें काय केलें हें ओळखतां येतें; ज्यानें कधींच जोडलीं नाहींत, तो फोननें दाखविलें तेंच आपण पाहिलें असें मानूं लागतो. स्वतःच्या डोळ्यांवरील हक्क असा नकळत सोडून देणें विद्यार्थ्यास शोभत नाहीं.

खर्चाची सबबही फारशी टिकणारी नाहीं. जुना कॅमेरा चालतो. तिपाई पांच जणांत एक पुरते, आणि ती नसेल तर वाळूची पिशवी दगडावर ठेवून काम भागतें. चित्रें जोडण्यासाठीं ल्युमिनन्स एच. डी. आर. व हगिन हीं साधनें विनामूल्य मिळतात. मात्र कड्याच्या टोंकाशीं तिपाई रोवतांना एकानें कॅमेऱ्याकडे व दुसऱ्यानें पहिल्याच्या पायांकडे पाहावें, हा नियम आमच्या मंडळींत मोडूं दिला जात नाहीं.

तेव्हां प्रदर्शनाविषयीं आमची सूचना अशी: जोडचित्रांस बंदी नको, आणि मोकाट सूटही नको. प्रत्येक छायाचित्राखालीं, मग तें एका क्षणाचें असो वा सात क्षणांचें, फोनचें असो वा कॅमेऱ्याचें, एक लहानशी चिठ्ठी असावी. तींत स्थळ, वेळ, किती चित्रें जोडलीं, आणि रंगांत किंवा वस्तूंत काय बदल केला, हें कर्त्यानें आपल्या हातानें लिहावें. ज्यास आकाश जांभळें करावयाचें असेल त्यानें तें खुशाल करावें, पण “हें आकाश मीं रंगविलें” असें लिहिण्याची लाज धरूं नये. अशा चिठ्ठीनें चित्राची शोभा उणी होत नाहीं. उलट नवशिक्यास रीत कळते, परीक्षकास न्याय करतां येतो, आणि पाहणाऱ्याचा विश्वास राहतो. उद्यां एखाद्या टेकडीस खाणीनें पाडलेलें भगदाड किंवा आटलेल्या तलावाचा तळ दाखविण्याची वेळ आली, तर लोकांनीं आपल्या चित्रावर विश्वास ठेवावा, असें आपणांस वाटेलच. तो विश्वास त्या दिवशीं मागून मिळणार नाहीं. तो आजच्या सूर्यास्तांच्या चित्रांतच कमवून ठेवावा लागेल.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टींत चार सोबती व एक तिपाई घेऊन जवळच्या टेकडीवर जा. एकच दृश्य घ्या, प्रत्येक जण आपापलें चित्र बनवा, आणि मग एकत्र बसून एकमेकांस एकच प्रश्न विचारा: आपण तेथें होतों, तेव्हां हें असें होतें काय? ज्या चित्राविषयीं मित्र “होय” म्हणेल, तें निःशंक भिंतीवर लावा.