शिक्षा हवी, पण भुताच्या हातून नको!

भयकथांच्या कॉमिक्सनी पोरं बिघडतात, ही ओरड १९५४ साली अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपर्यंत पोचली. आरोपीच्या पिंजऱ्यात होती न्यूयॉर्कची ईसी कॉमिक्स. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द हॉन्ट ऑफ फिअर' या तिच्या दहा सेंटांच्या अंकमाला. मुख्य फिर्यादी म्हणावेत असे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम.

वर्थम म्हणजे कुणी सोवळे उपदेशक नव्हेत. हार्लेममधल्या गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी नाममात्र शुल्काचा दवाखाना चालवला होता. म्हणूनच त्यांचा पूर्वपक्ष हसण्यावारी नेता येत नाही. पण त्याला आधार काय? गुन्हे करणारी मुलं कॉमिक्स वाचतात, हा! त्या काळी अभ्यासात पहिली येणारी मुलंही तेच वाचत होती. पुढे २०१२ साली कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांची टिपणं तपासली, तेव्हा मुलांची विधानं सोयीनं फिरवलेली, फुगवलेली आढळली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नीती हे नुसतं निमित्त, खरा माल किळसच. यात तथ्य आहे. 'फाउल प्ले' या कथेत खुनी खेळाडूच्याच अवयवांनी बेसबॉलचा डाव मांडला जातो. त्याची वकिली मी करणार नाही. सुनावणीत बाईचं तुटलेलं मुंडकं दाखवणारं मुखपृष्ठ समोर धरल्यावर ईसीचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ते 'भयकथेच्या मानानं सुरुचिपूर्ण' ठरवलं, तेही हास्यास्पदच होतं. पण किळसवाणी शिक्षा दाखवणं हेच पाप असेल, तर पापी माणसाला उकळत्या तेलात तळणारा आपला कुंभीपाक आजवर पोरांना कुणी ऐकवला?

आता मंडन. ईसीचीच 'पोएटिक जस्टिस' ही कथा घ्या. एका गरीब म्हाताऱ्याला श्रीमंत शेजारी हुसकावू पाहतात. त्याची कुत्री जातात, जीव लावणारी मुलं दुरावतात, आणि व्हॅलेंटाइन दिनी विषारी ओळींची पत्रं येऊन पडतात. तो जीव देतो. वर्षानं थडग्यातून उठतो आणि छळणाऱ्याचं काळीज काढून नेतो. या कथांवरच्या १९७२च्या चित्रपटात पीटर कुशिंगने हा म्हातारा साकारला आहे. यातला एकही छळ कुठल्या कलमात बसत नाही. पोलीस चौकीत गेला असता, तर म्हाताऱ्यालाच हटकलं असतं. जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथे मढं उठतं, हा या कथांचा गाभा.

आणि नेमकं तेच खुपलं. प्रकाशकांच्या संघटनेनं आखलेल्या १९५४च्याच कॉमिक्स संहितेनं चालती प्रेतं, पिशाच्चं बाद केली. शीर्षकातून 'हॉरर' शब्दही हद्दपार केला. दुष्टाला शिक्षा व्हावीच, असं संहिताही म्हणत होती. मग या कथांत दुसरं काय होत होतं? फरक एवढाच, की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही छापायचं नाही, असंही कलम तिथे होतं. शिक्षा हवी, पण साहेबाच्या सहीशिक्क्यानिशी.

संहितेचे कारभारी न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी पुढे ईसीची 'जजमेंट डे' ही वंशभेदावरची विज्ञानकथा अडवली. शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढणारा अंतराळवीर काळा निघतो. तो काळा चालणार नाही, म्हणाले. गेन्सनी नकार देऊन ती १९५६ साली जशीच्या तशी छापली आणि कॉमिक्सचा धंदा गुंडाळला. त्या कथेत ना भूत होतं, ना रक्ताचा थेंब.