दहा मिनिटांची जाहिरात गेली, घाई राहिली

लखनौ : ‘दहा मिनिटांत घरपोच’ ही जाहिरात ब्लिंकिटने जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांच्या सूचनेनंतर मागे घेतली. गोमतीनगर वा आलमबागमध्ये पाठीवर पिशवी घेऊन दुचाकीवर धावणाऱ्या कामगाराच्या दिवसात मात्र त्यामुळे फारसा फरक पडण्याची चिन्हे नाहीत. घाईचे मूळ जाहिरातीपेक्षा मोबदल्याच्या पद्धतीत अधिक आहे. त्याला महिन्याचा पगार नसतो. पैसे मिळतात ते ऑर्डरमागे, आणि ठरावीक ऑर्डर पूर्ण केल्या तरच वर प्रोत्साहन रक्कम. सिग्नलला थांबणे त्याला परवडत नाही.

ज्या रस्त्यांवर ही धावपळ चालते, त्यांची स्थिती आकडेच सांगतात. 2022 मध्ये उत्तर प्रदेशात रस्ते अपघातांत 22,595 जण मृत्युमुखी पडले. देशात हे प्रमाण सर्वाधिक होते. देशभरातील मृतांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरील होते. त्यांतील किती जण कामावर होते, हे या वर्गवारीतून कळत नाही. लखनौत त्यात डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्याची आणि शहीद पथावरील अवजड वाहनांची भर पडते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’निमित्त शहरभर पतंग उडतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातलेला नायलॉन मांजा तरीही विकला जातो, आणि तो दुचाकीस्वाराच्या गळ्यापर्यंत येतो.

अपघातानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. मे 2025 पासूनच्या केंद्रीय योजनेत कोणत्याही अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार होतात. आठव्या दिवसापासून बुडणाऱ्या कमाईचे काय? खासगी नोंदणीची दुचाकी व्यवसायासाठी वापरल्याचे कारण देऊन विमा कंपनी दावा नाकारू शकते. नोकरदाराला कामावरील अपघाताची भरपाई मालकाकडून मिळते. ‘गिग कामगार’ मात्र कायद्याच्या व्याख्येनुसारच मालक-नोकर संबंधाबाहेरचा.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही पोकळी भरण्याचा मार्ग दाखवला आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी द्यावा आणि त्यातून अपघात विम्यासारख्या योजना आखाव्यात, अशी तिची रचना आहे. परंतु डिसेंबर 2025 च्या मसुदा नियमांनुसार लाभासाठी मागील आर्थिक वर्षात एका कंपनीकडे किमान 90 दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून 120 दिवस काम केलेले असावे लागते. रस्ते आणि ॲप अजून सरावाचे न झालेला नवा कामगार दुसऱ्याच महिन्यात जखमी झाला, तर तो या अटीत बसत नाही.