त्यांनाही दुःख होतं : पेडणे महालातल्या सर्वांना कळकळीचं आवाहन

मांद्रे, मोरजी, हरमल, पालये, आगरवाडा, पार्से आणि आसपासच्या गावांतल्या बंधुभगिनींनो,

माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग आहे. आई वारली त्या दिवशी आम्ही त्याला मावशीकडे पाठवलं. बारावं झाल्यावर घरी आणलं आणि सांगितलं, आई पणजीला गेलीय. त्याला काय कळणार, असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी तिठ्यावर जाऊन उभा राहू लागला. पणजीची बस आली की उतरणारी एकेक बाई निरखायचा. महिन्याभरात त्याचं जेवण तुटलं, झोप गेली. एक दिवस त्याने आईचं कपाट फोडलं. वाटेवरची पोरं ‘पिसो’ म्हणून ओरडू लागली. डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, “अशा मुलांचं असंच असतं.” झोपेच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो.

पाच महिन्यांनी त्याच्या जुन्या शिक्षिका घरी आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “आई वारली हे त्याला कुणी सांगितलंय?”

आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे एका मानसशास्त्रज्ञ ताईंनी त्याच्याबरोबर आठवड्याला एकदा बसायला सुरुवात केली. वाक्यं लहान, शब्द साधे, समोर आईचे फोटो आणि रंगीत खडू. ‘देवाघरी गेली’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. “आई मेली. ती परत येणार नाही. तुला रडू येईल, रड,” असं म्हणाल्या. तिसऱ्या भेटीत तो रडला. आता आईच्या तुळशीला तोच पाणी घालतो. तिठ्यावर उभं राहणं थांबलं आहे.

ह्याला मानसोपचार म्हणतात. तो आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक बौद्धिक दिव्यांग माणसाला मिळावा, म्हणून हे आवाहन.

डॉक्टर जे म्हणाले, ती चूक शास्त्राला माहीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ती दाखवून दिली. बुद्धी कमी आहे असं एकदा कळलं, की तज्ज्ञांनाही त्या माणसाचं नैराश्य किंवा भीती दिसेनाशी होते. सगळं खापर अपंगत्वावर फुटतं. म्हणून माझी विनंती आहे : वागणं अचानक बदललं, तर ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका. तो दातदुखीचा त्रास असेल, आप्तांचा वियोग असेल, कुणी मारलं असेल, कुणी लैंगिक अत्याचार केला असेल. ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो वागण्यातून सांगतो.

“ह्यांना बोलण्याचा उपचार कसा लागू पडणार?” हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर आपल्या गोव्यातच अर्धं तयार आहे. 1996 मध्ये इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे 500 रुग्णांबरोबर एक प्रयोग केला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक होते. पद्धतही साधी : मन खचलं की माणूस हातातली कामं सोडतो, कामं सुटली की मन आणखी खचतं, म्हणून आवडीची, रोजची कामं एकेक करून परत धरायची. सहा ते आठ बैठकींत अनेकांना आराम पडला. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

त्याच वर्षी ब्रिटनमधला एक अभ्यासही प्रसिद्ध झाला. तिथे हीच पद्धत नैराश्य आलेल्या बौद्धिक दिव्यांगांसाठी सोपी करून घेतली होती. 161 जण त्यात होते, आणि प्रत्येकाबरोबर घरचं किंवा ओळखीचं माणूस बसायचं. काहींना ही पद्धत दिली, काहींना चित्रांच्या पुस्तिकांच्या मदतीने शिकवलं. दोन्ही गटांचं नैराश्य कमी झालं. कोणती पद्धत सरस हे त्यातून ठरलं नाही. पण ही माणसं बैठकींना आली, टिकली आणि सावरली.

म्हणजे पद्धत आहे. गोव्यात ती वापरणारे हातही तयार झाले आहेत. फक्त ते आमच्या घरापर्यंत आलेले नाहीत.

डिचोलीची केशव सेवा साधना, ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीचं संजय केंद्र, ह्या संस्थांनी आमच्या मुलांना शिकवलं. त्यांचे उपकार आहेत. पण शाळा संपते आणि माणूस घरी बसतो. आईवडील थकतात, एक दिवस जातात. त्याच दिवशी त्याचं माणूस जातं, घरही जातं आणि रोजची घडीही मोडते. मांद्र्याहून चोपड्याचा पूल, म्हापसा, पणजी ओलांडून बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दर आठवड्याला त्याला कोण नेणार? एक दिवसाची मजुरी बुडते, बदलत्या बसगाड्यांत तो बिथरतो. दोन खेपांत घरचे हात टेकतात.

हा उपकाराचा प्रश्न नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे, असं म्हटलं आहे आणि ते बरोबर आहे. पण म्हणून ह्या माणसांना मानसिक आजार होतच नाही, असं कायदा कुठे म्हणतो? त्याच कायद्याचं 18 वं कलम अपंगत्वामुळे भेदभाव न करता प्रत्येकाला मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देतं.

म्हणून हात जोडून मागणं मागते :

पालकांनो, दिव्यांगत्वाचं युडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत नाव नोंदवा; तिथे 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. कुणाशी बोलायचं सुचत नसेल, तर 14416 ह्या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे आणि रात्रीही चालू असतो.

आशा आणि अंगणवाडी ताईंनो, बौद्धिक दिव्यांग माणसाच्या घरी जाल तेव्हा त्याच्याविषयी विचारू नका, त्यालाच विचारा. झोप, जेवण, आवडतं काम ह्यांत बदल दिसला, तर लिहून ठेवा आणि आरोग्य केंद्रात कळवा.

मानसशास्त्रज्ञांनो, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनो, महिन्यातली एक सकाळ पेडण्याला द्या. चित्रं, फोटो घेऊन या. घाई घरी ठेवून या.

पंच आणि ग्रामस्थांनो, येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या वारी बौद्धिक दिव्यांगांसाठी मानसोपचाराची बैठक व्हावी, आणि त्यांना तिथवर नेण्या-आणण्याची सोय व्हावी. ह्या ठरावासाठी सभागृहात हात वर करणारे आम्ही चारच पालक असलो, तर तो पुढे सरकणार नाही. ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांनी आमच्या शेजारी येऊन बसावं.

आणि ज्यांच्या घरात अलीकडेच कुणी वारलं आहे, आणि त्याच घरात माझ्या भावासारखं एक माणूस दाराकडे डोळे लावून बसलं आहे, त्यांना शेवटचं सांगते. ठरावाची वाट पाहू नका. त्याचा हात हातात घ्या आणि खरं ते सांगा. आम्ही पाच महिने लावले. तुम्ही आजच सांगा.

आपली,
मांद्र्याची एक बहीण