वंशसुधार हवा, पण निवड नको?

अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या एका गोवंशाचे नाव ‘ब्राह्मन’ आहे. हा आमचा विनोद नव्हे, नोंदलेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाखोऱ्यातील वळू तिकडे गेले. ऊन आणि गोचीड सोसणाऱ्या या जनावरांपासून तिथल्या पशुपालकांनी ही जात घडविली. पुढे टेक्सासमध्ये शॉर्टहॉर्नशी संकर करून ‘सांता गर्ट्रूडिस’ उभी राहिली. १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. ब्राझीलचा मांसव्यापारही मुख्यतः ओंगोलच्या वंशजांवर, म्हणजे ‘नेलोर’वर चालतो.

यात जादू नाही. दूरच्या दोन जातींच्या संकरातून होणारे वासरू सहसा आईबापांच्या सरासरीहून जोमदार निघते. पण नुसत्या संकराने भागत नाही. वासराचे जन्मवेळचे वजन, दूध तोडतानाचे वजन, वाढीचा वेग यांची नोंद ठेवावी लागते. उत्तम वळू पैदाशीला ठेवायचा आणि बाकीचे बाजारात काढायचे, हीच निवड.

महाराष्ट्रात नेमकी हीच वाट बंद केली आहे. १९७६ च्या कायद्यात बैल निरुपयोगी ठरल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास कत्तलीला मुभा होती. मार्च २०१५ पासून ती गेली. आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे. संकरित गाईला गोऱ्हा झाला तर तो औताला फारसा चालत नाही आणि मांसाला विकता येत नाही. मग त्याचा चारा कोण देणार? अल्पभूधारक शेतकरी! कातड्यावर जगणारा कारागीर, खाटीक आणि स्वस्त मांसावर पोसलेला गरीब यांचे नुकसान वेगळेच.

बंदीचे समर्थक राज्यघटनेचे कलम ४८ दाखवितात. त्यात गाय-वासरे, दुभत्या व ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलबंदीचा उल्लेख आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच कलमाची सुरुवात आधुनिक व शास्त्रीय पशुसंवर्धनाने होते आणि जाती जतन करून सुधारा, असेही ते सांगते. अर्धे कलम वाचून राज्य चालविणे हा कोणता न्याय?

२०२४ साली सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता’ ठरविले. पदवीने वजन वाढत नाही आणि दावणीला चाराही येत नाही. आमची मागणी सरळ आहे : प्रमाणपत्राची जुनी तरतूद परत आणा. ते जमत नसेल, तर शेतकऱ्याचा प्रत्येक निरुपयोगी बैल सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा. श्रद्धा सरकारची आणि खर्च शेतकऱ्याचा, हे चालणार नाही!