परवानगीनंतरची रेषा

दारूऐवजी भांग आणि गांजाकडे वळावे, असे छत्तीसगढचे भाजप आमदार कृष्णमूर्ती बांधी जुलै २०२२ मध्ये म्हणाले. या वादात मला कायद्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नुसती पाने वगळल्याने भांगेचे नियमन राज्ये करतात. त्याच झाडाचा फुलोरा मात्र गांजा ठरतो. २० किलोहून अधिक सापडल्यास किमान १० वर्षे सक्तमजुरी. परवानगीनेही मर्यादा संपत नाहीत. जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये गांजा वैध केला, तरी घराबाहेर प्रौढाला २५ ग्रॅमच बाळगता येतो. म्हणून किती, कुठे आणि कोणाला, हे आधी ठरावे. अन्यथा परवानगीवर विसंबलेला सामान्य माणूसच गुन्हेगार ठरेल.