घाटावर वाळवा, किनाऱ्यावर बसवा

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला समुद्र खुला झाला आणि दिवाळी येईपर्यंत आमच्या टेबलावर एकाच तऱ्हेच्या तक्रारींचा गठ्ठा साचला. मासेमारी बंदीच्या काळात ट्रान्समचे लाकूड बदलले, वर मॅटचे तीन थर चढवले, रंग दिला, इंजिन लावले. आणि तीन महिन्यांत बोल्ट ढिले, आतल्या कोपऱ्यातून तपकिरी पाणी झिरपते आहे. दोष कोणी रेझिनला दिला आहे, कोणी प्लायला, कोणी मिस्त्रीला. ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली तर रेझिन निरनिराळे, प्लाय निरनिराळे, होड्या आठ वर्षांच्याही आणि वीस वर्षांच्याही. सगळ्यांत समान गोष्ट एकच दिसते. प्रत्येक काम १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत झालेले आहे. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक, तिन्ही राज्यांत बंदीचे दिवस हेच. होडी किनाऱ्यावर तेव्हाच येते, म्हणून डागडुजीही तेव्हाच होते. आमचे म्हणणे असे की या कामांत खोट आहे ती आपल्या वेळापत्रकाची. ते बदलल्याशिवाय महागातले महाग रेझिनही कामी येणार नाही.

लाकूड हवेशी सतत देवघेव करीत असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण आकडे समोर ठेवू. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास ओल धरून स्थिरावते, ७० टक्क्यांना १३, आणि ९० टक्क्यांना २०. आषाढात किनाऱ्यावरची हवा नव्वदीच्या घरात असते. म्हणजे दुकानातून कोरडीठाक आणलेली फळी चार बाजूंनी उघड्या शेडमध्ये पडून राहिली, की पावसाचा एक थेंब न लागताही ती विशीकडे सरकू लागते. चिकटवायचे लाकूड १२ टक्क्यांच्या आत असावे आणि १८ च्या पुढे त्याला हात लावू नये, ही जाणत्या बोटयार्डांची शिस्त. इकडे कुजवणाऱ्या बुरशीला तग धरायला २० टक्क्यांच्या वरची ओल पुरते आणि २८-३० टक्क्यांना, लाकडाचे तंतू पाण्याने भरले की, ती जोमाने पसरते. अशी उंबरठ्यावरची फळी आपण दोन्ही अंगांनी काचेत बंद करतो. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि बोल्टाच्या भोकातून थोडेसे जरी पाणी शिरले तरी उंबरठा ओलांडला जातो. त्यात पॉलिस्टरची लाकडावरची पकड आधीच कच्ची, दमट हवेत मॅट पांढुरकी पडते. तिसऱ्या महिन्यात थर सुटला तर त्यात नवल काय?

समुद्राच्या खाऱ्या पाण्याने लाकूड कुजते, हा समज अजून अनेक कारागिरांच्या डोक्यातून गेलेला नाही. मीठ बुरशीला मानवत नाही. खाऱ्या पाण्यात लाकडाचे शत्रू वेगळे, ते पोखरणारे किडे, आणि काचेच्या कवचाने ते बाहेर थोपवलेले असतात. फायबरच्या होडीचा ट्रान्सम खातो तो पाऊस. होडी किनाऱ्यावर ओढून निळ्या ताडपत्रीखाली ठेवली, नाळ थोडी वर राहिली, की दोन महिन्यांचे सगळे पाणी मागे ट्रान्समच्या पायाशी येऊन थांबते. तिथेच ड्रेनचे भोक, तिथेच इंजिनाचे बोल्ट, आणि प्लायच्या उघड्या कडा. अशा ट्रान्समवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात तर वर ठणठणीत आवाज येतो आणि खाली वीतभर पट्ट्यात तो एकदम बद्द होतो. बोल्टाखालचा वॉशर काचेत रुतून बसलेला असतो. बोल्ट काढला की चहाच्या चोथ्यासारखे काळपट पाणी ओघळते, आतली कातडी कापली की प्लायचे पदर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे बोटाने सुटतात. बाहेरची काच मात्र शाबूत असते, रंगही चकाकत असतो. म्हणूनच मालकाला वाटते की गेल्या वर्षीचा मिस्त्री फसवून गेला. आणि हा प्रश्न फक्त समुद्राचा नाही. उणकल तलावापासून सुपा धरणाच्या जलाशयापर्यंत, गोड्या पाण्यात जिथे जिथे फायबरच्या होड्या चालतात, तिथे राखण करायला मीठसुद्धा नाही.

आता आपल्याच बिरादरीला दोन शब्द. कुजलेल्या भागात भोके पाडून पातळ रेझिन ओतायचे आणि काम झाले म्हणायचे, हा प्रकार थांबला पाहिजे. ओल्या लाकडात रेझिन झिरपत नाही. भोकाभोवती रुपयाएवढी कडक बेटे तयार होतात आणि मधला भाग कुजतच राहतो. कुजकट दिसते तेवढेच कापायचे, हेही चुकीचे. बुरशीचे धागे डाग दिसतो त्याच्या पुढे गेलेले असतात, म्हणून चांगल्या लाकडातही वीतभर आत जाऊनच थांबावे. प्लायची गोष्ट याहून वाईट. आयएस ७१० च्या मरीन प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो आणि लाकडाला बुरशीविरोधी प्रक्रिया बंधनकारक आहे. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर हा घरातल्या फर्निचरचा माल. दुकानात दोघांनाही ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात आणि होडीत फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडे बसतात. केंद्राच्या गुणवत्ता आदेशाने प्लायला आयएसआय शिक्का सक्तीचा केला हे चांगलेच झाले, पण शिक्क्याखालचा क्रमांक वाचण्याचे काम आपले आहे. आणि ७१० घेतला तरी तो हमी देतो डिंकाची आणि प्रक्रियेची. तुम्ही ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या आतल्या उघड्या कडेची हमी कोणतेही मानक देत नाही. मॉइश्चर मीटर दीड-दोन हजार रुपयांत मिळतो. महिन्याला चार होड्या उघडणाऱ्या किती कारागिरांच्या पेटीत तो आहे?

सरकारी बाजूकडे पाहिले की संताप येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्याच्या बदली नवी होडी आणि जाळी देण्याचा घटक आहे. त्याची किंमत ५ लाख रुपये धरलेली, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान. निर्यातीच्या दृष्टीने मोठ्या नौका सुधारायलाही पैसा आहे. पण ज्या होडीचे कवच पक्के आहे आणि फक्त ट्रान्सम नि दोन स्ट्रिंगर गेले आहेत, तिच्या मालकाला त्या यादीत जागा नाही. नव्या होडीला २ लाख द्यायला तयार असलेले खाते त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात वाचणाऱ्या होडीला काही देत नाही. म्हणजे अनुदान हवे असेल तर होडी मरू द्या, असाच याचा अर्थ होतो. काचेचे कवच कुजत नाही, वितळवून पुन्हा ओतता येत नाही, जाळले तर विषारी धूर होतो. टाकून दिलेली ही कवचे मग किनाऱ्यावर पडून राहतात आणि पावसाचे पाणी साठवतात. तपासणीचीही तीच कथा. नोंदणीचा क्रमांक, पट्ट्याचा रंग, कागदपत्रे, लाइफ जॅकेट हे सगळे पाहिले जाते आणि पाहिलेच पाहिजे. परंतु भर समुद्रात इंजिनासकट ट्रान्सम सुटला तर त्या भगदाडातून येणाऱ्या पाण्याला पट्ट्याचा रंग अडवणार नाही. तपासणीच्या कागदावर ट्रान्समच्या ओलीचा एक रकाना घालायला नवा कायदा लागत नाही. मत्स्यव्यवसाय खात्यांनी तो येत्या मोसमाच्या आत घालावा आणि लाकूड बदलण्याला बदली होडीच्या घटकातच एक पोटघटक द्यावा, अशी आमची उघड मागणी आहे.

ती मान्य होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? हुबळीच्या दुर्गदबैल पेठेत, समुद्रापासून इतक्या दूर बसून आम्ही होड्यांची चिंता करतो याचे काहींना आश्चर्य वाटते. उत्तर हवेत आहे. फाल्गुन-चैत्रात हुबळी-धारवाडची हवा इतकी कोरडी असते की सावलीत पट्ट्यांवर रचून ठेवलेला प्लाय काही आठवड्यांत ९-१० टक्क्यांवर येतो. त्याच दिवसांत कारवारला तो १३ च्या खाली सहसा येत नाही, आणि आषाढात तर विषयच संपला. तेव्हा लाकडाचे काम घाटावर आणि कोरड्या महिन्यांत व्हावे, किनाऱ्यावर बंदीच्या काळात फक्त बसवणी व्हावी. १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या इपॉक्सीने एकजीव करायच्या, कडा आणि दोन्ही अंगांना पातळ इपॉक्सीचे तीन हात, कडांना त्याहून जास्त. बोल्टांची भोके मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरायची आणि मधोमध पुन्हा योग्य मापाने पाडायची, म्हणजे बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही. अशी बंद केलेली फळी प्लास्टिकात गुंडाळून आषाढात उघडली तरी तिच्या पोटात चैत्राचीच हवा असते.

यावर आक्षेप येणार, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की फळी कोरडी असली तरी होडी ओलीच आहे. खरे आहे, पण ट्रान्सममधले लाकूड सगळेच काढले तर मागे उरते फक्त काच. चांगली, न सुटलेली काच लाकडासारखे पाणी धरून बसत नाही. ताडपत्रीच्या आडोशात दोन दिवस दिवे लावले आणि ग्राइंडर फिरवला की ती चिकटवण्याजोगी होते. जिथे जुना स्ट्रिंगर येऊन मिळतो तिथे मात्र घाई करू नये. त्याची वरची काच उघडी ठेवून होडी पाण्यात जाऊ द्यावी आणि तो सांधा थंडीत, होडी दोन दिवस वर येईल तेव्हा मिटवावा. दुसरा आक्षेप पैशाचा. इपॉक्सी पॉलिस्टरपेक्षा कितीतरी महाग आहे. तरीही इथे काटकसर करता येणार नाही, कारण इपॉक्सीने बंद केलेल्या फळीवर पॉलिस्टर धड धरत नाही. उलट जुन्या, घासलेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सी उत्तम धरते. तेव्हा फळीची चिकटवणी आणि वरचे थर दोन्ही इपॉक्सीचेच हवेत, आणि नेहमीची मॅट त्यात नीट भिजत नाही म्हणून विणलेले रोव्हिंग घ्यावे. दमट हवेत इपॉक्सीवर येणारा मेणचट थर पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. हा खर्च संपूर्ण होडीचा नाही, एका फळीचा आहे, आणि तो दर दोन वर्षांनी तीच फळी बदलण्याच्या खर्चाशी ताडून पाहावा. तिसरा आक्षेप तरुण कारागिरांचा: लाकूड हवेच कशाला, पीव्हीसी फोम घाला. घाला, जरूर घाला, जिथे मिळतो आणि परवडतो तिथे. पण बोल्टाखाली हलका फोम दबतो, तिथे दाट फोम किंवा भरीव काच द्यावीच लागते, आणि गावच्या मिस्त्रीच्या हाताला लाकूड ओळखीचे आहे. सागवानाचा आग्रह मात्र सोडावा. त्याच्या तेलामुळे रेझिनची पकड सुटते.

राहिला प्रश्न मापांचा, कारण मोसमात कोणी होडी बसवून ठेवणार नाही. तशी गरजही नाही. होडी एका संध्याकाळी वाळूवर असताना जाड पुठ्ठ्याचा फर्मा काढता येतो. त्यावर ट्रान्समचा कोन, इंजिनाच्या बोल्टांच्या जागा, ड्रेनचे भोक, जुनी जाडी आणि बाहेरची बाजू कोणती हे पक्क्या मार्करने लिहावे. आतली काच किती सुटली आहे तेही ठोकून पाहून खडूने आखावे आणि फोटो काढावा, म्हणजे फळी किती खाली न्यायची ते कळेल. हुबळीतल्या प्लायच्या आणि फायबरच्या व्यापाऱ्यांना आमची विनंती आहे की निदान एका गोदामाची एक भिंत फाल्गुन ते वैशाख या कामाला द्या आणि तिथे मीटर टांगून ठेवा. किनाऱ्यावरच्या कारागिरांनी आपापल्या बंदरातले फर्मे गोळा करून होळीच्या आत इकडे पोचवावेत; एकट्यादुकट्याने पाठवण्यापेक्षा दहा मिळून पाठवले तर वाहतूकही परवडेल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला पाऊस घाटाला लागायच्या आत, त्या फळ्या प्लास्टिकात गुंडाळून अरबैल घाट उतरलेल्या असाव्यात.